थोरली घरे आणि धाकटी घरे : इंडोनेशियातील इस्लामचे पंथ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बोलावयाचे म्हटले की वक्त्यासमोर दोनचार विषय आयतेच उभे असतात. संतवाङ्मय आहे, नाट्यसंगीत आहे, बृहन्महाराष्ट्राची वाटचाल आहे. ते सारे बाजूस ठेवून आम्ही इंडोनेशियातील इस्लाम आणि त्याचे पंथ हा विषय का निवडला, असे कार्यवाहांनी आम्हांस हसतच विचारले. त्यांना तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो की, शेवटपर्यंत बसा, उत्तर तेथे आहे. तीच विनंती आता आपणां सर्वांना करतो.

माणसाच्या नजरेचा एक स्वभावच असा आहे की, जो समाज तो बाहेरून पाहतो तो त्याला एकजिनसी दिसतो, आणि ज्या समाजात तो वाढतो त्यातले बारीकसारीक भेद मात्र त्याला तोंडपाठ असतात. वारकरी कोण आणि महानुभाव कोण हे आपणांस कोणी समजावून द्यावे लागत नाही. स्मार्त एकादशी आज आणि भागवत एकादशी उद्या असे पंचांगात छापलेले पाहून आपल्या घरात कोणी गोंधळत नाही. 'मुसलमान' हा शब्द उच्चारताना मात्र आपल्या डोळ्यांसमोर एकच एक, भेदरहित असा समुदाय उभा राहतो. वस्तुतः तेथेही पंथ आहेत, उपपंथ आहेत, सुधारक आहेत आणि परंपरानिष्ठ आहेत. ते परस्परांशी कसे वागतात हे पाहणे उद्बोधक आहे, आणि त्यासाठी जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिमबहुल देशांपैकी एका देशाइतके चांगले उदाहरण नाही. २०२० च्या जनगणनेनुसार इंडोनेशियाची लोकसंख्या सत्तावीस कोटींच्या घरात गेली, आणि त्यांपैकी सुमारे ८७ टक्के लोक आपला धर्म इस्लाम असा सांगतात. तेथील माणसाच्या ओळखपत्रावर धर्माच्या रकान्यात 'इस्लाम' एवढा एकच शब्द असतो. त्या एका शब्दाखाली काय काय नांदते, हाच आजचा विषय.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. पैगंबर इसवी सन ६३२ मध्ये निवर्तले, आणि त्यांच्यामागे समाजाचे नेतृत्व कोणाकडे असावे या प्रश्नातून सुन्नी आणि शिया हे दोन मोठे प्रवाह निघाले. सुन्नींमध्ये धर्मशास्त्राचा अर्थ लावणाऱ्या चार परंपरा मान्यता पावल्या : हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. आपल्या देशात सुन्नींमध्ये हनफींची संख्या फार मोठी आहे. आपले कोकणी मुसलमान मात्र शाफई आहेत, केरळातील मोपले शाफई आहेत आणि इंडोनेशियातील बहुतेक सर्व सुन्नीही शाफईच. नकाशा पाहिला की याचा उलगडा होतो. उत्तर हिंदुस्थानात इस्लाम मुख्यतः मध्य आशियातून खुष्कीच्या मार्गाने आला. कोकणात, मलबारात आणि सुमात्रा-जावात तो अरबी समुद्राच्या व्यापारी वाऱ्यांबरोबर गलबतांतून उतरला. रत्नागिरीचा कोकणी मुसलमान आणि जावातला शेतकरी यांची नमाजाची रीत ज्या शास्त्रपरंपरेतली आहे ती एकच आहे, हे ऐकून आमच्याप्रमाणे आपणांसही नवल वाटेल.

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला सामुद्र-पासाई नावाचे बंदरराज्य होते. तेथील मलिक अस्-सालेह या सुलतानाच्या थडग्यावरील शिलालेखाचे वर्ष इसवी सन १२९७ असे येते. चौदाव्या शतकाच्या मध्याला इब्न बतूता हा प्रसिद्ध प्रवासी तेथे उतरला, आणि तेथील सुलतान शाफई शास्त्राचा अनुयायी असल्याचे त्याने नमूद केले. 'सामुद्र' हे नाव आपणांस परके वाटू नये. ज्या भूमीवर हा धर्म उतरला तिच्या भाषेत आणि आचारात संस्कृत आधीच शेकडो वर्षे मुरलेले होते. त्यामुळे नवा धर्म आला तो पाटी पुसून नव्हे, तर जुन्या अक्षरांशेजारी आपली अक्षरे मांडीत आला.

याची साक्ष मध्य जावातील कुदुस या गावी आजही उभी आहे. तेथील मशिदीचा पाया १५४९ मध्ये घातला गेला असे तिचा लेख सांगतो. तिच्या प्रांगणातील लाल विटांचा मनोरा पाहिला तर एखाद्या जुन्या जावानी मंदिराचे शिखरच कोणी आणून ठेवले आहे असा भास होतो. जावात इस्लाम रुजविणारे म्हणून जे नऊ वली तेथे पूज्य मानले जातात त्यांपैकी सुनान कुदुस यांचे हे गाव. गावात हिंदू वस्ती होती आणि गाय तिला पवित्र होती, म्हणून सुनान कुदुस यांनी आपल्या अनुयायांस गाय कापू नका असे सांगितले, अशी परंपरा आहे. हिंदू वस्ती केव्हाच सरली, पण कुदुसचा खाद्यसंकेत टिकला. तेथील प्रसिद्ध रस्सा आजही म्हशीच्या मांसाचा करतात. शेजाऱ्याच्या भावनेसाठी पाळलेला नियम, शेजारी राहिला नाही तरी चारशे वर्षे चालू राहावा, ही गोष्ट आम्हांस मोठी हृद्य वाटते.

आता आपण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येऊ. आज इंडोनेशियातील सुन्नी समाजात दोन संस्था वटवृक्षासारख्या पसरल्या आहेत. एकीचे नाव मुहम्मदिया आणि दुसरीचे नहदतुल उलमा. यांस काटेकोर अर्थाने 'पंथ' म्हणता येणार नाही. दोघी सुन्नीच आहेत. परंतु आचारात, वृत्तीत आणि धर्माकडे पाहण्याच्या दृष्टीत त्यांच्यात जो भेद आहे तो आपल्याकडील सुधारक आणि सनातनी यांच्या भेदासारखा खोल आहे.

मुहम्मदियाचे संस्थापक अहमद दहलान यांचा जन्म १८६८ चा, योग्यकर्ता या राजधानीतला. वडील सुलतानाच्या मोठ्या मशिदीत खतीब, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन देणारे. मक्केस जाऊन शिकून आलेल्या या तरुणाच्या ध्यानात आले की, आपल्या शहरातील मशिदींची दिशा चुकलेली आहे. लोक सरळ पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढत होते, आणि गणिताने पाहता जावातून मक्केची दिशा पश्चिमेपासून वीसपंचवीस अंश उत्तरेकडे येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दहलान यांनी ही गोष्ट उलेमांपुढे मांडली. मोठ्या मशिदीत योग्य दिशा दाखविणाऱ्या रेघा आखल्या गेल्या, त्यावरून गहजब झाला, आणि त्यांनी स्वतःचे जे लहानसे प्रार्थनागृह योग्य दिशेने बांधले होते ते धर्माधिकाऱ्याच्या हुकमाने पाडण्यात आले. दहलान उद्विग्न होऊन गाव सोडावयास निघाले होते. नातलगांनी त्यांची समजूत घातली आणि ते प्रार्थनागृह पुन्हा बांधून दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

श्रोतेहो, ही हकीकत ध्यानात ठेवावी. पुढे ज्या संस्थेने देशभर शाळा, दवाखाने आणि विद्यापीठे काढली, तिच्या संस्थापकाचे देवघर एके काळी बहुमताने जमीनदोस्त केले होते.

१९१२ च्या नोव्हेंबरात दहलान यांनी मुहम्मदिया स्थापन केली. मुलांना बाकावर बसवून, फळा वापरून, धर्माबरोबर गणित-भूगोल शिकविणारी शाळा त्यांनी काढली, तेव्हा 'हे तर डच काफिरांचे अनुकरण' अशी टीका झाली. १९१७ मध्ये स्त्रियांसाठी ऐसियाह ही शाखा निघाली, १९२३ मध्ये योग्यकर्त्यात दवाखाना निघाला आणि त्याच वर्षी दहलान वारले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कुराण आणि पैगंबरांचे वचन यांत जे नाही ते धर्माच्या नावाने करू नये. मृताच्या नावाने ठराविक दिवशी जेवणावळी, थडग्यांचे नवस, ताईत-गंडे हे सारे त्यांना नको होते.

हे ऐकून खेड्यापाड्यांतील परंपरेचे आचार्य अस्वस्थ झाले यात नवल नाही. या आचार्यांना तेथे 'किआई' म्हणतात आणि त्यांच्या गुरुकुलांना 'पसंत्रेन'. पसंत्रेनमध्ये राहून शिकणारा विद्यार्थी तो 'संत्री', आणि काही विद्वान या शब्दाचे नाते आपल्या 'शास्त्री' शब्दाशी जोडतात. पूर्व जावातील जोंबांग येथे हाशिम अशआरी यांनी १८९९ मध्ये असे एक पसंत्रेन स्थापिले होते. १९२४ मध्ये अरबस्तानात इब्न सौद यांच्या फौजांनी मक्का घेतली. नवे राज्यकर्ते थडगी पाडू लागले, आणि मक्केत चारही शास्त्रपरंपरांना मोकळीक राहील की नाही अशी शंका निर्माण झाली. आपला आवाज तेथवर पोहोचावा म्हणून जावातील किआई एकत्र आले आणि ३१ जानेवारी १९२६ रोजी सुराबाया येथे नहदतुल उलमा स्थापन झाली. आपली परंपरा बुडू नये एवढीच या सभेची भूमिका नव्हती. मक्केत चारही परंपरांना जागा असावी, ही तिची मागणी होती. आपल्याबरोबर इतरांच्याही जागेची मागणी करीत ही संस्था जन्मास आली, हेही ध्यानात ठेवावे. त्याचा उपयोग पुढे आहे.

आणखी गंमत अशी की, दहलान आणि हाशिम अशआरी हे दोघे मक्केत अहमद खतीब या एकाच सुमात्री आचार्यांच्या पायाशी बसून शिकले होते. एका गुरूच्या दोन शिष्यांनी दोन वाटा काढल्या. आपल्या इतिहासातही असे घडलेले आहे.

या दोन वाटांतला फरक रोजच्या जीवनात कसा दिसतो? परंपरानिष्ठांच्या घरी कोणी वारले की तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी शेजारीपाजारी जमून नामस्मरण करतात आणि मग जेवण होते. सुधारकांच्या घरी हे होत नाही. परंपरानिष्ठ पहाटेच्या नमाजात 'कुनूत' नावाची जादा प्रार्थना म्हणतात, सुधारक म्हणत नाहीत. रमजानच्या रात्रीच्या विशेष नमाजात एकाकडे वीस आवर्तने, दुसऱ्याकडे आठ. या कारणांवरून गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगावी वाद झाले, मशिदी वेगळ्या झाल्या, सोयरिकी अडल्या.

पुढे हळूहळू हे वाद निवळले. तेथे एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. नहदतुल उलमाचे नेते इदहाम खालिद आणि मुहम्मदियाचे पंडित हमका एकाच जहाजातून हजला निघाले होते. एका पहाटे नमाजाचे अग्रस्थान खालिद यांच्याकडे होते. मागे हमका उभे आहेत म्हणून त्यांनी कुनूत म्हटली नाही. दुसऱ्या पहाटे हमकांनी नमाज चालविली, आणि मागे खालिद आहेत म्हणून त्यांनी ती मुद्दाम म्हटली. ही आख्यायिका म्हणूनच आम्ही सांगत आहोत. एखाद्या समाजाला कोणती आख्यायिका सांगावीशी वाटते यावरून त्याचे मन कळते.

आणि मग येते दोन दिवसांची ईद. मुहम्मदियाने अनेक वर्षे महिन्याचा आरंभ गणिताने ठरविला. सूर्यास्ताला चंद्र क्षितिजाच्या वर असला की महिना लागला. नहदतुल उलमाचा आग्रह प्रत्यक्ष चंद्रदर्शनाचा, आणि सरकारही दर्शनाचा विचार करून निर्णय देते. त्यामुळे २०११ साली मुहम्मदियाची ईद ३० ऑगस्टला झाली आणि सरकारी ईद ३१ ला. २०२३ साली पुन्हा तसेच, एकीकडे २१ एप्रिल आणि दुसरीकडे २२. एकाच गल्लीत एक घर ईदचा फराळ खाते आहे आणि शेजारचे घर अजून रोजा धरून आहे. काही ठिकाणी कुरबुर होते, मैदान मिळण्यात अडचणी येतात, पण देश काही कोसळत नाही. आम्हांस येथे स्मार्त-भागवत एकादशीची आठवण येते. पंचांगात दोन दिवस आले म्हणून आपण कोणी कोणाचे देवघर पाडीत नाही.

या दोन थोरल्या घरांनी राष्ट्राच्या घडणीतही मोठा वाटा उचलला. २२ जून १९४५ रोजी तयार झालेल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत, मुसलमानांवर इस्लामी धर्मशास्त्र पाळण्याचे बंधन राहील अशा आशयाचे सात शब्द होते. हाशिम अशआरींचे पुत्र वाहिद हाशिम हे त्या मसुद्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. स्वातंत्र्याची घोषणा १७ ऑगस्टला झाली. पूर्वेकडील ख्रिस्ती प्रदेशांना हे शब्द मान्य होणार नाहीत असे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मोहम्मद हत्ता यांनी मुस्लिम नेत्यांशी बोलून ते गाळविले. मुहम्मदियाचे अध्यक्ष की बागुस हादिकुसुमो यांचा प्रारंभी विरोध होता. अखेर त्यांनी तो मागे घेतला. इस्लामऐवजी 'एकमेव परमेश्वरावर श्रद्धा' हे तत्त्व राष्ट्राच्या पाच तत्त्वांत पहिले ठरले, आणि त्या पाच तत्त्वांना नावही 'पंचशील' हेच पडले. बहुसंख्याकांनी आपल्या हातातील सात शब्द अल्पसंख्याकांसाठी सोडून दिले. जगाच्या इतिहासात असे प्रसंग थोडे आहेत.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की, हा देश म्हणजे सलोख्याचा आदर्शच. आम्हांसही पुष्कळ काळ तसेच वाटत असे. परंतु घरातील दोन थोरल्या भावांचे कसे जमते एवढे पाहून त्या घराची परीक्षा पुरी होत नाही. धाकट्याला कोठे झोपावयास मिळते तेही पाहावे लागते.

धाकट्यांत प्रथम गणना जुन्या जावानी वळणाच्या लोकांची. १९५२ ते ५४ या काळात पूर्व जावातील एका गावी राहून अभ्यास करणारे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, शास्त्राने चालणारे संत्री आणि नावाने मुसलमान पण आचाराने जुन्या चालीचे 'अबांगान' असा भेद वर्णिला. अबांगान शेतकरी भूतपिशाच मानी, शेजाऱ्यांना नैवेद्याचे जेवण घाली, रात्रभर चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात अर्जुन आणि भीम पाही, आणि विचारल्यास आपण मुसलमान असेच सांगे. लोंबोक बेटावरील 'वेक्तू तेलू' या परंपरेचे लोकही असेच आपल्या पूर्वजांच्या रीतीने इस्लाम पाळणारे. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्टांविरुद्ध जे हत्याकांड झाले त्यात लाखो माणसे मारली गेली. जावातील गावांत मरणारे पुष्कळसे अबांगान होते, आणि मारणाऱ्यांत नहदतुल उलमाच्या युवक संघटनेचे लोकही होते. सख्याच्या कथेबरोबर हेही सांगितले पाहिजे. त्यानंतर ज्याच्या कागदावर मान्य धर्माचे नाव नाही तो संशयित ठरू लागला, आणि पुष्कळांनी जीव वाचविण्यासाठी कोणता ना कोणता मान्य धर्म जवळ केला. परंपरागत श्रद्धा पाळणाऱ्यांना ओळखपत्रावर आपल्या श्रद्धेची नोंद करण्याचा हक्क घटनात्मक न्यायालयाने दिला तो २०१७ च्या नोव्हेंबरात.

दुसरे धाकटे घर शियांचे. याची सुरुवात एका मनोहर दृश्याने करू. सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेंकुलू नावाचे शहर आहे. १८२५ पर्यंत तेथे इंग्रजांचा अंमल होता आणि त्यांच्या पदरी हिंदी शिपाई होते. त्या शिपायांनी मोहरमची रीत तेथे नेली. आज सुन्नी वस्तीच्या त्या शहरात दर मोहरमला उंच रंगीत मनोरे मिरवले जातात. त्यांना म्हणतात 'ताबोत'. पुढे चालणाऱ्या वाद्यांची नावे 'दोल' आणि 'तासा'. शिपायांचे वंशज आजही आपणांस 'सिपाई' म्हणवतात. उत्तरेस पारियामान गावी हाच उत्सव 'ताबुइक' नावाने होतो, आणि अखेरीस ते मनोरे समुद्रात सोडतात. महाराष्ट्रात ज्यांनी ताबूत पाहिले आहेत आणि ढोल-ताशा ऐकला आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. हजारो मैलांवर, आपल्याच शब्दांनी, एका शिया शोकाचा सुन्नी गाव उत्सव करीत आहे!

उत्सव चालतो, पण उत्सवामागच्या श्रद्धेने जगू पाहणाऱ्या माणसाचे काय होते? जावाच्या ईशान्येस मदुरा बेटावर सांपांग जिल्ह्यात शियांची लहानशी वस्ती होती. २९ डिसेंबर २०११ रोजी तिच्यावर हल्ला झाला, आणि २६ ऑगस्ट २०१२ रोजी पुन्हा झाला. घरे जळाली, एक माणूस मारला गेला, शेकडो लोकांना आधी एका क्रीडागारात आणि पुढे जून २०१३ मध्ये समुद्रापलीकडे सिदोआर्जो येथील चाळवजा सदनिकांत हलविण्यात आले. ज्यांची घरे जळाली त्यांच्याच धर्मगुरूला धर्मनिंदेच्या कलमाखाली शिक्षा झाली. या माणसांनी आपल्या शेतांपासून दूर वर्षांमागून वर्षे काढली. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांच्यातील बहुतेकांनी सुन्नी होत असल्याची जाहीर शपथ घेतली, आणि त्यानंतर परतीची वाट खुली होऊ लागली. आपल्या शेताच्या बांधावर परत उभे राहण्यासाठी आपली श्रद्धा बदलल्याचे सांगावे लागावे, हा सौदा कोणत्या शब्दांनी वर्णावा हे आम्हांस कळत नाही.

तिसरे घर अहमदियांचे. यांचे मूळ आपल्या पंजाबातील कादियान गावी. १९२५ मध्ये त्यांचा प्रचारक सुमात्रात पोहोचला. म्हणजे नहदतुल उलमाच्या स्थापनेच्या आदल्या वर्षी. वीस वर्षांनी जे राष्ट्र जन्मास आले त्याच्याहून हा पंथ त्या भूमीवर जुना. परंतु पैगंबरीच्या प्रश्नावरील त्यांचे मत इतर मुसलमानांना मान्य नाही. उलेमा परिषदेने १९८० मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये त्यांच्याविरुद्ध फतवा दिला. २००६ मध्ये लोंबोकमधील अहमदिया कुटुंबांना घरे सोडून मातारामच्या एका निर्वासित निवाऱ्यात जावे लागले, आणि तेथे जन्मलेली मुले तेथेच शाळेत जाऊ लागली. जून २००८ मध्ये सरकारने त्यांच्या प्रचारावर बंदी घातली. ६ फेब्रुवारी २०११ रोजी पश्चिम जावातील चिकेउसिक गावी जमावाने तिघा अहमदियांना ठार केले. खटला झाला. मारणाऱ्यांस तीन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, आणि त्या हल्ल्यात वाचलेल्या एका अहमदियालाही सहा महिन्यांचीच शिक्षा झाली.

असे का व्हावे? माणसे मुळात दुष्ट आहेत असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तीच माणसे दोन दिवसांची ईद सोसतात. आमच्या अल्प मतीप्रमाणे याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, थोरल्या दोघांचे सख्य तत्त्वाइतकेच संख्येवरही उभे आहे. दोघेही इतके मोठे आहेत की एकाने दुसऱ्याला गिळणे अशक्य. जेथे गिळता येत नाही तेथे माणूस नांदावयास शिकतो. दुसरे कारण कायद्यात आहे. जानेवारी १९६५ च्या एका हुकमाने सहा धर्मांची नावे घेतली, आणि त्या धर्मांच्या 'मूळ शिकवणी'पासून ढळणारा अर्थ लोकांत सांगणे हा गुन्हा ठरविला. मूळ शिकवण कोणती हे ठरविण्याची वेळ आली की साहजिकच मोठ्या संख्येच्या उलेमांना विचारले जाते. म्हणजे पंथभेदाचा निवाडा करावयाचा आणि न्यायासनावर प्रतिवादीचा भाऊबंदच बसलेला! दहलान यांच्या काळी हा हुकूम असता, तर किब्ल्याची रेघ आखणारा तो तरुण बहुधा तुरुंगातच गेला असता.

तथापि थोरल्या घरांतूनच याविरुद्ध आवाज उठले, हेही नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. हाशिम अशआरींचे नातू अब्दुररहमान वाहिद हे नहदतुल उलमाचे अध्यक्ष होते आणि १९९९ ते २००१ या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. २००९ च्या डिसेंबरात निधन होईपर्यंत ते अहमदियांच्या बाजूने उघडपणे बोलत राहिले. २०१९ मध्ये बांजार येथील नहदतुल उलमाच्या परिषदेने, मुस्लिमेतर नागरिकांना 'काफिर' म्हणू नये, ते समान नागरिक आहेत, असा निर्णय दिला. ज्या संस्थेने १९२६ साली मक्केत चारही परंपरांना जागा मागितली होती, तिच्याच घरी आता चौघांबाहेरच्या पाचव्या-सहाव्याला जागा द्यावयाची की नाही हा प्रश्न उभा आहे. वाहिदांनी आपले उत्तर दिले. संस्थेतील सर्वांनी ते अजून दिलेले नाही.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे वळतो. हा विषय येथे कशासाठी? त्या देशातील लोकांचे दोष मोजण्यासाठी खासच नव्हे. पंथभेदावरून घरे जाळण्यात कोणत्याच धर्माचे हात कोरे नाहीत. आम्ही हा विषय आणला तो आपणां सर्वांची स्थिती पाहून. येथील प्रत्येक घराने दोन्ही भूमिका वठविल्या आहेत. या गावात आपण धाकटे घर आहोत. आपली भाषा येथल्या रस्त्यावर ऐकू येत नाही, आपल्या सणांना येथील पंचांगात मोठे अक्षर नाही. आपल्या आधीच्या पिढीने पहिला गणपती बसविला तेव्हा गावकऱ्यांनी जागा दिली, वाट दिली, आणि पुढे आरतीला उभेही राहिले. ते उपकार आपण विसरलेलो नाही. परंतु या मंडळाच्या दाराच्या आत आलो की आपणच थोरले घर होतो. आपल्यातही कोणी एकटा आहे. कोणाच्या बोलीला आपण हसतो, कोणाच्या कुळाचाराला जागा नाही म्हणून सांगतो, कोणाच्या घरी दुसऱ्या प्रांतातली सून आली म्हणून त्यांना हळूहळू बोलावणे बंद होते. सभासदयादीत आपणां सर्वांसमोर 'मराठी' एवढा एकच शब्द लिहिलेला असतो. त्या एका शब्दाखाली कोणाला ऐसपैस बसावयास मिळते आणि कोण अंग चोरून बसतो, याचा हिशेब पन्नास वर्षांच्या ताळेबंदात कोठे दिसत नाही.

कुदुसच्या लोकांनी, शेजारी निघून गेल्यावरही, त्याच्यासाठी धरलेला नियम मोडला नाही. सांपांगच्या लोकांनी शेजारी समोर असताना त्याचे घर जाळले. एकाच देशातील, एकाच धर्माची आणि एकाच शास्त्रपरंपरेची ही दोन गावे आहेत. तेव्हा फरक धर्माने पडला नाही. लहान शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहावे हे त्या त्या गावाने ठरविले, त्याने पडला. तसे ठरविण्याची पाळी प्रत्येक गावावर येते आणि प्रत्येक मंडळावरही येते. आपल्या मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत ती आली, तर कुदुसचा तो विटांचा मनोरा आपणांस आठवावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.